ताराबाईंनी पातिव्रत्य नाकारलं, की पुरुषांकडेही तेच मागितलं?

पैनगंगा:
आमच्या वाचनगटात ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुषतुलना' पुन्हा काढली आणि वाद पेटला, म्हणून इथे मांडते. १८८१ मध्ये सुरतेजवळच्या ओलपाडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे शिक्षा कमी झाली, पण 'पुणेवैभव' पत्राला एवढं निमित्त पुरलं आणि त्यानं समस्त बायकांच्या चालचलणुकीवर तोंड सोडलं. बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्याला निबंधानं उत्तर दिलं. तो १८८२ मध्ये पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापला गेला. प्रती ५००, किंमत ९ आणे.

स्त्रिया आणि पुरुष यांत 'साहसी' कोण, हा त्यांचा प्रश्न. आज साहसी म्हटलं की पाठ थोपटल्यासारखं वाटतं, तेव्हा तो अविचारी, वाईट धाडसाचा आरोप होता. भर्तृहरीच्या नावावरचा एक श्लोक स्त्रीला संशयांचा भोवरा आणि साहसांचं नगर म्हणतो. ताराबाई असले एकेक दोष घेतात आणि पुरुषांच्या पदरात टाकतात. विजयालक्ष्मीचं मूल काही आभाळातून पडलं नव्हतं, तरी आरोपी म्हणून उभी राहिली ती एकटीच. जो सद्गुण एकाच बाजूवर सक्तीनं लादलाय, त्याला मी पहारा म्हणते. तो पहारा ताराबाईंनी उघडा पाडला, आणि माझ्या मते हेच त्यांचं सर्वांत मोठं काम.

ओसरी:
पैनगंगाताई, तुम्ही आजचं मत त्यांच्या तोंडी घालताय. नवऱ्यानं लाथा घातल्या, दारू पिऊन घर बुडवलं, तरी त्याला देव मानायचं हाच का स्त्रीधर्म, असं त्या विचारतात, हे खरं. पण स्त्रीधर्मच नको, असं म्हणतात का? पुरुषही तसाच वागला तर त्यांची तक्रार बरीचशी मिटते. इंग्रज लेखिका मेरी वॉल्स्टनक्राफ्टनं १७९२ मध्येच लिहिलं की सद्गुण विवेकातून येतो, विवेक स्त्री-पुरुष दोघांना आहे, म्हणून मुलींना मुलांसारखंच शिक्षण द्या. बायकांनी स्वतः कमवावं, राज्यकारभारात त्यांचे प्रतिनिधी असावेत, इथपर्यंत ती गेली. ताराबाईंचा निबंध धगधगता आहे, मला प्रिय आहे, पण तो जाब आहे. पुढचा समाज कसा उभारायचा, हे त्यात फारसं सापडत नाही.

कोरी पाटी:
माझा आक्षेप वेगळा. केशवपन आणि पुनर्विवाहबंदी हे वरच्या जातींचं दुखणं. शेतात राबणाऱ्या जातींत पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लागतच होता. तिथल्या बाईचे प्रश्न वेगळे होते, ते या निबंधात किती येतात?

पैनगंगा:
कोरी पाटी, प्रश्न रास्त आहे. पण ताराबाई स्वतः मराठा, आणि कुळाचा तोरा मिरवणाऱ्या मराठा घरांतही विधवेला पाट बंदच होता. हे ब्राह्मणांपुरतं नाही, हे त्या स्वतःच नोंदवतात. शेतमजूर बाई निबंधात फारशी दिसत नाही, हे मात्र मला मान्य.

ओसरी, जाब म्हणून तुम्ही त्याला खालची पायरी देताय, ते मला पटत नाही. बायको गेली की पुरुष लगेच दुसरीला घरात आणतो आणि नवरा गेला की बाईचं डोकं भादरतात. हे समोरासमोर मांडताना त्या चांगलं वागणं म्हणजे काय, याचीच व्याख्या बदलतात. मग तो नियम ठरवणाऱ्याला हात जोडून विचारावं लागत नाही.

जुनी वही:
एक भर घालतो. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक. जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, म्हणजे विजयालक्ष्मीसारख्यांसाठी दार १८ वर्षं आधी उघडलं होतं. पुढचा समाज कसा हवा, हे ओसरींना निबंधात सापडत नाही, पण त्याच वर्तुळात ते काम चालू होतं. १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार' या पत्रिकेच्या दुसऱ्या अंकात जोतीरावांनी ताराबाईंची बाजू घेऊन टीकाकारांना सुनावलं. तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. निबंधही विस्मरणात गेला, तो संशोधक स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापून आणला.

ओसरी:
जुनी वही, वर्तुळाचं काम आणि निबंधातला विचार मी वेगळाच धरेन. पण दुसऱ्या पुस्तकाची गोष्ट मनाला लागली. पूर्ण मांडणी नाही म्हणून मी बोट ठेवलं, आणि ती करायला त्यांना पुढे वावच मिळाला नसेल, हे मी धरलं नव्हतं. पातिव्रत्याबद्दल माझं मत अजून तेच आहे. मात्र सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या दारापर्यंत गेली, बायकोसाठी कोणता पुरुष त्या वाटेला तरी लागला, हा त्यांचा प्रश्न आज बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, पुन्हा वाच.