मदत हवी आहे: स्तनाच्या कॅन्सरनंतर रेडिएशन २५ वेळा की १५?

नमस्कार मंडळी. आईच्या डाव्या स्तनातली गाठ काढून महिना झाला, येत्या सोमवारपासून रेडिएशन आहे. डॉक्टरांनी २५ वेळा यायला सांगितलंय, म्हणजे सुट्ट्या धरून पाच आठवडे. प्लॅनिंगचा सीटी स्कॅन झाला, छातीवर खुणेसाठी तिळाएवढे तीन ठिपके गोंदलेत. आंघोळ करताना ती त्यांना हात लावायलाही घाबरते.

वाचत गेले तेव्हा कळलं की बऱ्याच देशांचा कल कमी दिवसांकडे आहे. ब्रिटनमध्ये १५ वेळांत ४० ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) ही पद्धत कधीच रुळली. २०२० साली तिथल्याच फास्ट-फॉरवर्ड अभ्यासाचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले: आठवडाभरात ५ वेळांत २६ ग्रे देऊनही कॅन्सर त्याच स्तनात उलटण्याचं प्रमाण वाढलं नाही. दर वेळचा डोस मोठा, एकूण डोस कमी, असं ते गणित.

मग आईला २५ का? काखेतल्या गाठींनाही (लिम्फ नोड्सना) रेडिएशन द्यायचंय, ते कारण असेल? की हृदय जवळ आहे म्हणून? ओपीडीत विचारायला गेले तर दोन मिनिटंही मिळाली नाहीत. डॉक्टरांवर अविश्वास मुळीच नाही, पण तिचे गुडघे पार गेलेत, रोजची ये-जा झेपेल का याची धास्ती वाटते.

ज्यांच्या घरी १५ वेळांचा कोर्स झालाय, त्यांनी त्वचेचा आणि थकव्याचा अनुभव सांगा ना. या क्षेत्रातलं कोणी असेल तर, सोमवारच्या आत डॉक्टरांना नेमकं काय विचारू?