‘सेटलमेंट’साठी वसाहत, वस्ती की आणखी काही?

शाल्मली: अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या मांसउद्योगावरचा लेख मराठीत आणतेय. कॅन्ससमध्ये गार्डन सिटीजवळ १९८० च्या अखेरीस आयबीपी कंपनीचा मोठा गोमांस कारखाना सुरू झाला. कामाला व्हिएतनामी आले, मेक्सिकन आले, पुढे सोमालीही. या सगळ्याला मी ‘स्थलांतरितांची वसाहत’ म्हटलं, संपादकांनी ‘वस्ती’ केलं. मला दोन्ही खटकतंय.

रानजाई: वसाहत नकोच. त्यात राज्यकर्त्यांचा वास येतो. ही माणसं मजुरीला आलेली.

चौकस: अहो, ‘औद्योगिक वसाहत’, ‘कर्मचारी वसाहत’ हे शब्द रोजच्या वापरातले आहेत. तिथे कुठे राज्यकर्ते येतात? सरळ ‘स्थायिक होणे’ लिहा.

शाल्मली: तीच तर अडचण आहे. काम इतकं अंगमोडीचं की कित्येक जण वर्षभरही टिकत नसत. त्यांच्या जागी नवे येत. गाव वाढतं, शाळा भरतात, पण माणसं बदलत राहतात. त्याला स्थायिक कसं म्हणू?

पाटीपेन्सिल: मग ‘बिऱ्हाड’. त्यात संसारही आहे आणि उठून जाणंही. शिवाय व्हिएतनामी ‘स्थलांतरित’ नव्हेत, ते १९७५ नंतरचे निर्वासित. निर् + वस्, राहत्या जागेतून बाहेर काढलेला. या शब्दातही ‘वस्ती’चाच धातू आहे, हे मला फार लागतं.

चौकस: बिऱ्हाड शास्त्रीय लेखात शोभत नाही. आणि ‘खाटीककाम’ असं कुठे लिहिलं असेल तर तेही काढा, ‘मांसप्रक्रिया’ करा.

रानजाई: प्रक्रिया म्हटलं की सुरी दिसेनाशी होते. खाटीक हा चांगला जुना शब्द आहे, संस्कृत खट्टिकवरून आलेला.

शाल्मली: खाटीक मी वेगळ्या कारणाने टाळला. खाटकाला अख्खं जनावर सोडवता येतं. शिकागोसारख्या शहरांतल्या कामगारांकडे ते कसब होतं, संघटना होती, बरी मजुरी होती. आयबीपीने गुरं पोसली जातात तिथेच कारखाने नेले. १९६७ पासून अर्धा बैल टांगून पाठवण्याऐवजी तुकडे करून पेट्यांत भरून धाडायला सुरुवात केली. साखळीवर उभ्या माणसाने दिवसभर एकच काप द्यायचा. तो थोड्या दिवसांत शिकता येतो, भाषा येत नसली तरी. म्हणून तर दूरदेशीची माणसं तिथवर पोचली. त्यांना खाटीक म्हटलं तर त्यांच्याकडून काय काढून घेतलं तेच पुसलं जातं.

रानजाई: हे पटलं. मग ‘कापकामगार’?

चौकस: असे शब्द घडवू नका, कुणी वापरत नाही.

पाटीपेन्सिल: वापरले की रुळतात. ‘ऊसतोड’ रुळलाच ना?

मुक्ता_के: उशिरा आले. ‘वस्ती’ला इतकं हलकं का धरता? आजी म्हणायची, ‘आज वस्तीला राहा.’ म्हणजे एक रात्र. एसटीची रात्री थांबणारी गाडीही वस्तीची गाडी. कायमचं राहणं आणि रात्रीपुरतं टेकणं, दोन्ही एकाच शब्दात आहे.

चौकस: आमच्याकडे ती ‘मुक्कामी गाडी’. वस्तीची गाडी कधी ऐकली नाही.

पाटीपेन्सिल: मी दोन्ही ऐकलेत. मुक्काम अरबीतून आला आहे, हे लक्षात घ्या.

चौकस: अरबी असला म्हणून काय झालं? माझा आक्षेप घडवलेल्या शब्दांना आहे, रुळलेल्यांना नाही.