काउबेल ८०८चा, म्हणून सगळंच ८०८चं?

एखाद्या रेकॉर्डिंगमध्ये काउबेलचा (गाईच्या घंटेसारखा) आवाज ओळखू आला म्हणून त्यातला अख्खा ताल रोलँडच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनचा, हा निष्कर्ष घाईचा वाटतो. काउबेलपुरतं मात्र सहमत. त्यात सुमारे ५४० आणि ८०० हर्ट्झचे दोन स्क्वेअर वेव्ह ऑसिलेटर (सूर निर्माण करणारी सर्किटं) एकत्र वाजतात, स्पेक्ट्रममध्ये (आवाजातल्या वारंवारितांच्या आलेखात) ती दोन शिखरं ठळक दिसतात. टेपचा वेग बदललेला असेल तर दोन्ही आकडे सरकतील, पण गुणोत्तर साधारण १.४८च राहील. तेच मोजा.

हाय-हॅट (एकमेकींवर आपटणाऱ्या झांजांची जोडी) वेगळी तपासायला हवी. ८०८मध्ये (१९८०) ती सहा ऑसिलेटरमधून बनते, रोलँडच्याच टीआर-९०९मध्ये (१९८३) ती ६-बिट सॅम्पल, म्हणजे आधी रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज असते. ९०९चा किक-स्नेअर (मोठा आणि छोटा ड्रम) मात्र सर्किटमधूनच तयार होणारा, म्हणजे अ‍ॅनालॉगच. बाकी वाद्यं गप्प असताना पडलेले दोन ठोके कापून घ्या, अपसॅम्पल करून (सेकंदातली मोजमापं वाढवून) सुरुवात अगदी नेमकी जुळवा, एकाची फेज उलटवा (लहर उलटी करा) आणि दोन्ही मिसळा. जवळजवळ शांतता उरली तर दोन्ही ठोके हुबेहूब सारखे, म्हणजे सॅम्पल. बरीच खरखर उरली तर अ‍ॅनालॉग असू शकेल, किंवा तुमची जुळवणी चुकली असेल; डिजिटल आवाजातल्या एका मोजमापाच्या अर्ध्याइतका फरकही वरच्या पट्टीत गोंधळ घालतो. रिव्हर्ब (घुमारा) असलेला तुकडा नको, आणि एमपी३वर तर करूच नका, कोडेकचा (फाइल आकसवणाऱ्या प्रक्रियेचा) कचरा तेवढा हाती लागतो.

शिवाय ८०८चा आवाज सॅम्पलरमध्ये भरून वाजवला असेल तरी शांतताच उरेल.

क्रॅश झांज ऐकू येते म्हणून लिन एलएम-१ हे ड्रम मशीन सुचवणाऱ्यांसाठी: त्यात क्रॅश आणि राइड या झांजांचे आवाज नव्हतेच. ते १९८२च्या लिनड्रममध्ये आले.