जेन मॅनिंग जेम्सचं नाव घ्यायलाच हवं

वर कुणीतरी विचारलंय की सुरुवातीचे मॉर्मन पायोनियर (म्हणजे मॉर्मन या अमेरिकन ख्रिस्ती पंथाचे, पश्चिमेकडे जाऊन वसलेले पहिले लोक) सगळे गोरेच होते का, तर नाही, जेन मॅनिंग जेम्स होती ना! कनेटिकटची कृष्णवर्णीय बाई, गुलाम नव्हती, स्वतंत्र होती. १८४३ मध्ये घरच्यांना घेऊन नॉवूला (इलिनॉयमधलं मॉर्मनांचं तेव्हाचं मुख्य गाव) निघाली, बफेलोला बोटीत घेतलं नाही म्हणून तिथून पुढे जवळजवळ ८०० मैल चालत. बूट झिजून गेले, पाय फुटले, आणि जमिनीवर रक्ताची पावलं उमटायला लागली असं तिनेच नंतर सांगून ठेवलंय. नॉवूला पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथच्या घरात कामाला राहिली, मग १८४७ मध्ये सॉल्ट लेकच्या खोऱ्यात (आताच्या युटामध्ये, जिथे मॉर्मन नव्याने वसत होते) पोचली.

मला सगळ्यात भिडतं ते १८४९ चं. एलायझा लायमन या दुसऱ्या मॉर्मन बाईच्या घरात खायला काही उरलं नव्हतं, तिने डायरीत लिहिलंय की जेनने दोन पौंड पीठ दिलं, म्हणजे जेमतेम किलोभर, आणि ते तिच्याकडे होतं त्याच्या जवळपास निम्मं होतं. स्वतःची पोरं घरात असताना!

आणि ह्याच जेनला टेंपलमधले (मॉर्मनांच्या पवित्र मंदिरातले) मुख्य विधी करू दिले नाहीत, कारण वर्ण. वर्षानुवर्षं विनंत्या करत राहिली, १९०८ मध्ये गेली तरी परवानगी मिळाली नव्हती. फार वाईट वाटतं.