जुन्या गिरणीची दगडी भिंत: सिमेंटमध्ये तयार झालेल्या मुलांना चुन्याचं काम कसं शिकवायचं?

कोलशेत_साइट: ठाण्यात खाडीजवळ जुन्या गिरणीची दगडी शेड दुरुस्त करायची आहे. मूळ बांधकाम चुन्यातलं, पण नंतर कुणीतरी सिमेंटने दरजा (दगडांमधल्या फटी) भरल्यात. आता दगडाचेच पापुद्रे सुटतायत. आयटीआयचा मेसन कोर्स केलेली पाच मुलं आहेत, हात चांगला आहे, सवय मात्र सिमेंटची. दिवाळीनंतर काम सुरू. थेट भिंतीवर घेऊ का?

चुनेवाला: नको. आत्ताच चुना विझवायला बसवा, म्हणजे दिवाळीपर्यंत मुरेल. लोखंडी पिंपात आधी पाणी, मग त्यात कळीचा (न विझवलेला) चुना थोडा थोडा टाकायचा; उलटं केलं तर उकळून अंगावर उडतो. एका घमेल्याला अंदाजे तीन घमेली पाणी. गॉगल आणि लांब हातमोजे घातल्याशिवाय कुणाला जवळ येऊ देऊ नका. डोळ्यात गेलाच तर सतत पाण्याने धूत लगेच दवाखाना. थंड झाल्यावर ३ मिमी जाळीतून गाळा. न विझलेली कणी आत राहिली की महिन्यांनी फुगते आणि गिलाव्याचा टवका उडवते. गाळलेला चुना दोन इंच पाण्याखाली किमान महिनाभर ठेवा.

दगडी_भिंत: पापुद्र्यांचं कारण मुलांना भिंतीसमोर उभं करून दाखवा. ओल दरजेतून बाहेर पडायला हवी. सिमेंटने ती वाट बंद केली, म्हणून ती दगडातून निघते आणि क्षार दगडातच साचतात. दरज खरवडायला ग्राइंडर देऊ नका, दगडाच्या कडा जातात. बारीक छिन्नी आणि हलका हातोडा. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, किमान २५ मिमी. मग ब्रशने धूळ काढून भिंत आदल्या दिवशी भिजवा. भरताना वरून ठिबकणारं पाणी नको, आणि कोरडाही दगड नको, तो मालातलं पाणी शोषून घेतो.

कोलशेत_साइट: दरजेत भरायचा माल कसा धरू? जुन्या पद्धतीने त्यात हिरडा, गूळ घालायचा का?

चुनेवाला: १ भाग चुना, १ भाग सुरखी (विटेची भुकटी), २ भाग रेती, मापाने, इथून नमुने सुरू करा. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी, जास्त भाजलेली चुन्याला धरत नाही. खाडीची रेती अजिबात नको, मीठ येतं. क्रश सँड (दगड फोडून केलेली रेती) चालेल, फक्त भुकटी चाळून. पाणी कमीत कमी. मालाचा गोळा हातात वळला पाहिजे. हिरडा-गुळाचं पाणी पहिल्या बॅचला घालू नका, मुलांना नुसता चुना कळू दे. प्रत्येकाला भिंतीचा एक चौरस मीटर नमुना द्या: तीन प्रमाणं, तारखेसह. एका थरात १० मिमीपेक्षा जास्त नको, नाहीतर सुकताना तडा जातो.

दगडी_भिंत: आणि भरल्यावर ओलं गोणपाट, किमान आठवडाभर. दुपारचं ऊन टाळा, आणि जूनच्या पावसाआधी सगळं संपेल असा बेत करा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो. भिंत सतत भिजली तर हवा आत पोचत नाही. एक पैशाची गोष्टही सांगतो, कारण सगळं तिथेच बिघडतं: मुलांना स्क्वेअर फुटाच्या भावाने लावू नका. ती घाईत ग्राइंडरच उचलतील. निदान पहिले दोन महिने रोजाच्या हजेरीवर ठेवा.