पंखा फिरतो अन् बंद पडतो, जुना कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये
नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. घरी २०११चा असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, बाबांच्या संत्र्याच्या बागेचे सगळे हिशेब त्यातच. परवापासून बटण दाबलं की पंखा दोन सेकंद फिरतो अन् बंद. बीपसुद्धा नाही. रॅम काढून खोडरबरने पुसली, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटणासारखा सेल नवा टाकला, काही फरक नाही. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) वेगळा काढून हिरवी वायर काळीला जोडली तर तो चालतो. पण मदरबोर्डवर प्रोसेसरजवळचे दोन कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे नळकांडीसारखे भाग) वरून फुगलेत, एकावर तपकिरी डाग. नागपूरचा उन्हाळा अन् कूलरची दमट हवा, त्यांचं तरी काय चुकलं म्हणा! बर्डीवरचा (सीताबर्डी बाजारातला) दुकानदार सरळ नवा घ्या म्हणतो. नुसते कपॅसिटर बदलून भागेल का? असं सोल्डरिंग करून देणारं इकडे कोणी आहे का?