मारबतीवर माहितीपट: आधी आवाजाचं बघा

नागपूरच्या मारबतीवर माहितीपट करायचाय, कॅमेरा कोणता घ्यावा, असं इथे विचारलंय. कॅमेऱ्यावर बरंच बोलून झालंय, मी दुसरंच सांगतो. मारबत म्हणजे इडापीडा घेऊन जावी म्हणून मिरवणुकीने नेऊन जाळतात तो मोठा पुतळा. त्यावर करायचंय ना, मग नुसत्या तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्यानंतरच्या मिरवणुकीच्या दिवसावर विसंबू नका. त्या दिवशी इतवारी भागातल्या गर्दीत जे मिळेल ते पदरात पाडून घ्यायचं, बस. खरा माल आधीच्या दिवसांत आहे. पिवळी मारबत १८८५ पासूनची. ती घडते त्या जागनाथ बुधवारी भागात रोज तासभर बसा, पहिले दोन दिवस कॅमेरा पिशवीतच.

माझी फजिती ऐका. एका आजोबांची झकास मुलाखत घेतली, घरी ऐकतो तर आजोबा कमी न् कूलरच जास्त! कॉलर माइक लावा, कूलर बंद करायला सांगा (घामाघूम व्हाल, इलाज नाही). निघताना खोलीतली शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये जोड लपवायला तीच लागते. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकलं तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. कारण आपली वीज ५० हर्ट्झची, हे आकडे तिच्याशी जुळतात.

आणि मिरवणुकीत ‘घेऊन जा गे मारबत’ सुरू झालं की कॅमेरा इकडेतिकडे फिरवू नका. एकाच चेहऱ्यावर दहा सेकंद धरा.